परगावाहून घरचा संगणक

मुलगा परदेशी, संगणक घरी. तो तेथूनच चालविण्याचा मार्ग कोणता, असे पुष्कळ वाचक आम्हांस विचारतात. गूगलची 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' ही विनामूल्य सोय आमच्या मते पुरेशी आहे. घरच्या संगणकावर ती ब्राउझरमधून बसवून किमान ६ अंकी पिन ठरवावा. मुलाने त्याच गूगल खात्याने आपल्या ब्राउझरमध्ये प्रवेश करून तो पिन घातला की काम झाले. मात्र घरचा संगणक चालू हवा. वीज गेली की सारे खुंटले!

एकाच वेळेच्या मदतीसाठी १२ अंकी संकेतांक मिळतो. बँकेचा माणूस म्हणविणारा भामटा फोनवर नेमका हाच मागतो. तो देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे होय. दिला गेलाच असेल, तर लाजेने गप्प न बसता इंटरनेट तत्काळ तोडून १९३० या क्रमांकावर कळवावे.