मरुदेशांतील प्रपंच

महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांना हल्लीं राजस्थानच्या प्रवासाची गोडी लागलेली आहे, हें एका दृष्टीनें चांगलेंच झालें. पूर्वीं आमच्यांतील मंडळी घराबाहेर पडलीच तर नाशिक, पंढरपूर, फार तर काशी-रामेश्वर. आतां मुलांच्या दिवाळीच्या सुटींत जयपूर, जोधपूर, जैसलमेर हा फेरा जणूं ठरलेलाच असतो. परंतु परत आलेल्या मंडळींस, तिकडील माणसें राहतात कशीं, खातात काय, असें विचारलें तर किल्ले, उंट आणि वाळूवरील सूर्यास्त यांपलीकडे बोलणें क्वचितच जातें. म्हणून किल्ल्यांचें वर्णन बाजूस ठेवून थरच्या वाळवंटांतील घरसंसारासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं या महिन्यांत योजिलें आहे. गेल्या हिंवाळ्यांत पोकरण आणि जैसलमेर यांच्या दरम्यान एका पुष्करणा ब्राह्मण कुटुंबांत चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला, त्याचा या लेखास आधार आहे.

प्रथम निघणाऱ्यांसाठीं दोन व्यावहारिक गोष्टी. या भागांत जावयाचें तर कार्तिकापासून माघापर्यंत जावें. १९ मे २०१६ रोजीं फलोदी येथें उष्णमान ५१ अंशांवर गेलें होतें, यावरून उन्हाळ्याची कल्पना येईल. परंतु वाळवंट म्हणजे सदासर्वदा उष्ण, या समजुतीनें लोकरीचे कपडे घरीं ठेवणारीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्यांच्या मुलांचे खोकलेही ऐकले आहेत. वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते. पौषांत पहाटे चुरूसारख्या ठिकाणीं पाणी गोठण्याइतकी थंडी पडते.

दुसरा एक गैरसमज ओसाडपणाविषयींचा. थरचें वाळवंट हें जगांतील अत्यंत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकीं एक आहे. आमच्या यजमानांच्याच घरीं चवदा माणसें होतीं. तीन भावांपैकीं मधला सुरतेस कापडाच्या दुकानांत. त्याची बायको-मुलें येथेंच. पुरुषानें 'दिसावरास', म्हणजे दूरच्या पेठेस, जावें आणि संसार मागें थोरल्यांच्या छत्राखालीं चालावा, ही मारवाडची जुनी रीत आहे. आपल्याकडील तालुक्याच्या पेठेंत जें मारवाड्याचें दुकान असे, त्याचें दुसरें टोंक अशा एखाद्या घरांत असे, याचा विचार दुकानाची पायरी चढतांना आपल्यापैकीं किती जणांनीं केला असेल? शेखावाटींत अशा पैशांतून उभ्या राहिलेल्या चित्रांकित हवेल्या आज कुलुपांत आहेत. मालक कलकत्त्यास नाहींतर मुंबईस स्थायिक झाले.

पुष्करणांविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बिकानेरास या ज्ञातींत 'सावा' म्हणून प्रघात आहे. ठरलेल्या वर्षीं एकाच दिवशीं गांवांतील अनेक घरचीं लग्नें लागतात. पूर्वीं चार वर्षांनीं होत असे, हल्लीं दोन वर्षांनीं होतो. सर्व पाहुणे सर्वांचेच असल्यामुळें कोणा एकावर खर्चाचा भार पडत नाहीं. ज्यांच्या घरीं दोन मुली उपवर आहेत त्यांनीं हा परिच्छेद पुन्हां वाचावा.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. बाजरी आपल्यासही परकी नाहीं. तिची जाड भाकर, तिला ते 'सोगरा' म्हणतात, वर तूप, आणि ताकांत शिजविलेली राबडी. हिरवी भाजी दुर्मिळ, म्हणून वाळविलेल्या वस्तूंवर सर्व भिस्त. केर हें कांटेरी झुडुपाचें फळ, आणि सांगरी ही खेजडीची शेंग. ही खेजडी म्हणजेच आपली शमी! आपण दसऱ्यास तिची पूजा करतों आणि वर्षभर तिच्याकडे पाहत नाहीं; तेथें तीच शेंग देते, पाल्यावर शेळ्या-उंट जगविते, आणि शेताच्या मधोमध उभी असली तरी तिच्याखालीं पीक येतें. १९८३ मध्यें राजस्थानानें तिला राज्यवृक्ष ठरविलें. परंतु तिचा खरा मान त्याहून जुना आहे. १७३० सालीं जोधपूरजवळील खेजडली गांवीं दरबारची माणसें झाडें तोडावयास आलीं, तेव्हां अमृतादेवी या बिश्नोई स्त्रीनें झाडास मिठी मारली. तिच्यामागून एकूण ३६३ माणसांनीं तेथें प्राण दिले. हल्लीं सूर्याच्या प्रकाशावर वीज करण्याच्या कारखान्यांसाठीं याच खेजड्या तोडल्या जात असल्याची तक्रार बिकानेर-जोधपूरकडे सर्वत्र ऐकूं येते. वीज स्वच्छ खरी, पण झाड जागेवर असतां ती करतां येऊं नये, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

असो. तेथील प्रपंचाचें मर्म अन्नांत नसून पाण्यांत आहे. जैसलमेराकडे वर्षाचा पाऊस सरासरीनें पंधरा-वीस सेंटिमीटर. तोही मोजक्या दिवसांत पडून जातो. विहिरीचें पाणी फार खोल, आणि बहुधा खारें. अशा देशांत लोक शेंकडों वर्षें राहिले ते टांक्याच्या जोरावर. टांकें म्हणजे जमिनींत बांधलेला, चुन्यानें लिंपलेला, वरून झांकलेला हौद. त्याच्या भोंवतीं चोपून गुळगुळीत केलेलें उतरतें अंगण, त्यास 'आगोर' म्हणतात. त्यावर पडलेला थेंब न् थेंब जाळीच्या भोंकांतून आंत जातो. पावसापूर्वीं आगोर झाडून घेतात, आणि त्यावर जोडा घालून कोणी जात नाहीं. हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटर आगोरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला कीं हजार लिटर पाणी होतें. पंधरा सेंटिमीटरांचे पंधरा हजार, त्यांतून जिरलेलें वजा जातां एका कुटुंबाच्या पिण्यास पुष्कळ महिने पुरावें. घराचें दार सताड उघडें आणि टांक्यास मात्र कुलूप, हा देखावा तेथें कोणास नवलाचा वाटत नाहीं. तूप सांडलें तर हरकत नाहीं, पाणी सांडलें तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हण त्यांच्यांत आहे. स्नान परातींत बसून करावें, तें पाणी कपड्यांस, आणि कपड्यांचें पुन्हां सारवणास, ही रीत घरच्या वृद्ध दादीसांनीं लहानपणापासून पाळलेली. संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ त्यांनीं पाहिलेला नाहीं, पण त्यांच्या आजीनें पाहिलेला होता, आणि तो त्या आपणच पाहिल्यासारखा सांगतात.

आतां काळ पालटला आहे. ३१ मार्च १९५८ रोजीं ज्याची कोनशिला बसली, त्या राजस्थान कालव्याचें (१९८४ पासून यास इंदिरा गांधी कालवा म्हणतात) सतलज-बियासचें पाणी वाळवंटांत पोंचलें आणि पुढें नळानें घरांतही आलें. त्याचे परिणाम सर्वत्र सारखे नाहींत. जैसलमेरचा किल्ला ११५६ सालचा. त्यांत अजूनही कुटुंबें राहतात. घड्यांनीं पाणी आणण्याच्या काळांत बांधलेल्या त्या टेंकडीस नळ आणि मोऱ्यांचा ओलावा सोसला नाहीं. पायांतील माती भिजून भिंती खचूं लागल्या. २०१३ सालीं जागतिक वारशांत गणला गेलेला हा किल्ला पाण्याच्या अभावानें नव्हे, तर पाण्यानें धोक्यांत आला.

आमच्या यजमानांच्या घरचा प्रश्न याहून लहान, पण त्याच जातीचा होता. थोरल्या चिरंजीवांच्या मनांत आगोर मोडून तेथें पाहुण्यांसाठीं तीन खोल्या बांधावयाच्या. प्रवासी येतात, भाडें येईल, सुरतेचा भाऊ घरीं परत येईल. मुद्दा चुकीचा नव्हता. दादीसा मात्र कुलपाची किल्ली पदरास बांधून बसल्या होत्या. शहरांतून आलेले आपण अशा वेळीं सहजच दादीसांच्या बाजूचे होतों. जुन्या काटकसरीचें कौतुक करावयास आपल्यास कांहीं पडत नाहीं. परंतु घुंघट ओढून चुलीशीं बसलेल्या थोरल्या बींदणीनें आमच्याबरोबरच्या वहिनींस जें सांगितलें, तें ऐकून आम्ही गप्प झालों. माहेरीं टांकें नव्हतें; लग्न होईपर्यंत दोन घडे डोक्यावर घेऊन रोज दोन खेपा तिनें केल्या, आणि शाळा चौथीवर सुटली. नळ आला त्या दिवशीं आपल्याला काय वाटलें तें सासूजींनाही कळणार नाहीं, असें ती म्हणाली. पाण्याच्या ज्या व्यवस्थेची आपण वाखाणणी करतों तिचें वजन कोणाच्या मानेवर होतें, हें प्रवासवर्णनांतून बहुधा येत नाहीं.

तरीही ही बाई खोल्यांच्या बाजूची नव्हती, हें विशेष. कालवा दरवर्षीं दुरुस्तीसाठीं कांहीं आठवडे बंद ठेवतात; त्यास 'नहरबंदी' म्हणतात, आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाशीं येते. त्या दिवसांत टँकरची वाट कोण पाहतें, पुरुष कीं बायका, असें तिनें विचारलें. तिचें म्हणणें असें कीं, खोल्या बांधा, पण दोनच. त्यांचें छप्पर पक्कें करून त्यावरचें पाणी पन्हळीनें टांक्यांत सोडा, म्हणजे मोडलेल्या आगोराची भरपाई होईल. हें तिनें स्वतः बोलून दाखविलें नाहीं. वहिनींच्या तोंडून तें दिवाणखान्यांत गेलें, आणि तेथें थोरल्या चिरंजीवांनीं तें आपल्याच कल्पनेसारखें मांडलें! दादीसा बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग छपरावर कबुतरें बसतात, त्याचें काय करणार, एवढेंच त्यांनीं विचारलें. आणि जाळी कोणत्या भोंकांची घ्यावी यावर रात्रीं उशीरपर्यंत वाद चालला.