मनोरुग्णालयातून डिस्चार्ज मिळाला, पण जायचं कुठे?

हाड मोडलं तर प्लास्टर काढल्यावर फिजिओथेरपी लागते, हे आपल्याला पटतं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरमधून सावरणाऱ्या माणसाच्या हातात मात्र गोळ्या दिल्या की उपचार संपले, असं आपण धरून चालतो. आणि घरचे न्यायलाच आले नाहीत तर? मग बरा झालेला माणूसही रुग्णालयातच राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ स्पष्ट सांगतं: कुटुंब नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. कलम १८ नुसार हाफवे होम आणि आधारासह निवास या सोयी करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मग अडतंय कुठे?

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरे झालेले रुग्ण तिथून भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत लगेच थांबवा, असं सुप्रीम कोर्टाला २०२१ मध्ये राज्याला सांगावं लागलं. रुग्णालयातून बाहेर काढणं म्हणजे पुनर्वसन नव्हे, हाच त्याचा अर्थ.

पुनर्वसन म्हणजे नेमकं काय?

बरं वाटायला लागलं की अनेक जण गोळ्या बंद करतात आणि आजार उलटतो. म्हणून झोप उडाली, बोलणं तुटलं, हे वेळीच ओळखणारं कुणीतरी जवळ लागतं. सोबत झेपेल असं काम आणि घरच्यांना मार्गदर्शनही हवं.

चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेच्या 'होम अगेन' उपक्रमात चार-पाच जण साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात एकत्र राहतात. स्वयंपाक, बाजारहाट, शेजार, सगळं तुमच्या-आमच्यासारखंच. मदतीला कार्यकर्ते असतात. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवतात. या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात आपण कुठे आहोत?

असं घर चालवायला निधी सरकारने द्यायचा, पण जागा कुणाच्या तरी सोसायटीतच लागणार. 'अशा लोकांना इथे नको' असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हटलं, तर कलम १९ तिथेच अडकतं. त्या मीटिंगमध्ये आपण काय बोलणार?

मदत हवी असल्यास: टेलिमानस १४४१६ (मोफत, २४ तास).