‘जनावर चावले’ : एका नोंदीचा प्रश्न

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून सर्पदंशाचे रुग्ण व सर्पदंशाने होणारे मृत्यू यांची सूचना शासनास देणे बंधनकारक करावे, असे कळविले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध झाला होता व २०३० पर्यंत या मृत्यूंची संख्या निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात नमूद केले होते. पुढे २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलविण्याचा आदेश निघाला. दोन्ही विषयांवर वर्तमानपत्रांत भरपूर मजकूर छापून आला. परंतु ज्या आकड्यांच्या आधारे ही धोरणे आखली जातात ते आकडे मुळात कोण लिहितो, कोठे लिहितो आणि कोणत्या शब्दांत लिहितो, याकडे फारसे कोणी वळले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

श्वानदंशाचे उदाहरण प्रथम घेऊ. २०२४ या वर्षात देशात सुमारे ३७ लाख लोकांना कुत्रे चावले आणि रेबीजने संशयित ५४ मृत्यू झाले, असे शासनाने संसदेत सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२ व २०२३ मध्ये १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली. तिचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात व रेबीजने सुमारे ५,७०० मृत्यू होतात, असा तो अंदाज होता. चोपन्न आणि पाच हजार सातशे! पहिला आकडा रुग्णालयांच्या कागदांतून वर आलेला, दुसरा घरांच्या उंबऱ्यावर विचारून मिळालेला. दोन्ही प्रामाणिकपणे मोजलेले असले, तरी मोजण्याची जागा निराळी होती. पाण्याला भिणारा रुग्ण वाचणार नाही हे कळल्यावर नातेवाईक त्याला घरी घेऊन जातात, आणि घरी झालेला तो मृत्यू रुग्णालयाच्या नोंदवहीत उरत नाही.

सर्पदंशाचे चित्र याहून बोलके आहे. भारतात केलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’ या पाहणीत मृतांच्या घरी जाऊन आप्तांकडून त्यांच्या भाषेत हकीकत लिहून घेतली गेली आणि दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून मृत्यूच्या कारणाचा संकेतांक ठरविला. त्यावरून २००५ मध्ये सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाले असावेत, असे अनुमान २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील जेमतेम पाव मृत्यू दवाखान्यात झालेले होते. २०२० मधील पुढील अभ्यासाने २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, अशी मांडली. याच अभ्यासकांनी दाखविले की २००३ ते २०१५ या काळात रुग्णालयांत जे मृत्यू झाले असावेत, त्यांपैकी जवळजवळ दहा टक्केच शासकीय आकडेवारीत आले. म्हणजे जो माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचला, तेथेच मरण पावला, त्याच्या मृत्यूचे कारणही बहुतांशी कागदावरून निसटले.

हे निसटणे कसे घडते, हे कळण्यासाठी संकेतांकांची रीत थोडक्यात पाहिली पाहिजे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा आरंभ १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तियाँ यांच्या यादीपासून झाला. १९४८ पासून त्याची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. आपल्याकडे वापरात असलेल्या दहाव्या आवृत्तीत इजेला दोन अंगांनी संकेत मिळतो. एक, शरीराला काय झाले. दुसरा, ते कशामुळे झाले. सापाच्या विषाची बाधा टी-६३.० या संकेताखाली जाते आणि विषारी सर्पाशी संबंध आला ही घटना एक्स-२० खाली. विंचवासाठी एक्स-२२, कुत्र्यासाठी डब्ल्यू-५४, इतर सस्तन प्राण्यांसाठी डब्ल्यू-५५. त्यापुढचा अंक जागा सांगतो: शून्य म्हणजे घर, सात म्हणजे शेत, नऊ म्हणजे ठाऊक नाही. एक्स-२०.० आणि एक्स-२०.७ यांत फरक एका अंकाचा आहे. पण पहिल्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे मण्यार चावलेली असू शकते आणि दुसऱ्यात रात्रीच्या विजेवर ज्वारीला पाणी देणाऱ्याच्या पायाखाली फुरसे आलेले असू शकते. पहिल्यासाठी खाट व मच्छरदाणी हवी, दुसऱ्यासाठी गमबूट, बॅटरी आणि दिवसाची वीज. कागदावर नऊ पडला की दोन्ही उपाय एकदमच दृष्टीआड होतात.

मृत्यूच्या दाखल्यावर तर मूळ कारण लिहावे, असाच नियम आहे. तरीही ‘हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ हे वाक्य त्या रकान्यात सर्रास आढळते. प्रत्येक माणूस मरताना त्या दोन्ही क्रिया बंद पडतातच. त्यात नवी माहिती ती कोणती? शिवाय देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते.

आता धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात येऊ. बालाघाटच्या डोंगररांगांतला, कोरडवाहू जमिनीचा, खव्यासाठी प्रसिद्ध असा हा भाग. येथे घरोघरी दावणीला म्हैस, गाय, शेळी आहे, माणूस आणि जनावर एकाच अंगणात राहतात, आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे वर्षाचे काही महिने उघड्यावर, पालात काढतात. येथील बोलीत रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेत नाहीत. ‘पान लागले’ म्हणतात, किंवा नुसतेच ‘जनावर चावले’. ऐकणाऱ्या गावकऱ्याला अर्थ तत्काळ कळतो. परंतु केसपेपर लिहिणारा कर्मचारी बाहेरगावचा असेल आणि त्याच्यासमोरच्या छापील तक्त्यात इंग्रजीत ‘प्राणीदंश’ असा रकाना असेल, तर ‘जनावर’ कोठे जाईल, याची कल्पना वाचकांनी करावी. ज्या शब्दाने सर्पदंश सांगितला, तोच शब्द त्याला कुत्र्या-मांजरांच्या ओळीत नेऊन बसवू शकतो.

मण्यारीच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. तिच्या दाताची खूण पुष्कळदा दिसतच नाही. रुग्ण झोपेतून उठतो तो पोटदुखी, उलटी, घशात काही अडकल्याची भावना घेऊन. पापण्या जड होतात त्या नंतर. घरचे सांगतात, ‘काहीतरी किडा चावला असेल.’ नोंदीत ‘पोटदुखी’ येते. रुग्ण पुढच्या दवाखान्यात दगावला तर तेथे ‘श्वसनक्रिया बंद’. साप दोन्ही कागदांत नाही.

आणि पुढचा दवाखाना बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात असतो. भूमहून गंभीर रुग्ण बार्शीला नेण्याची रीत जुनी आहे ; बार्शी सोलापूर जिल्ह्यात येते. दंश धाराशिव जिल्ह्यातला, उपचाराचा वा मृत्यूचा कागद सोलापूर जिल्ह्यातला. रहिवासाचे गाव नीट लिहिले नाही, तर भूमच्या ग्रामीण रुग्णालयासाठी प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या मागवाव्यात याचा हिशेब चुकतो. मागील वर्षी रुग्ण कमी दिसले म्हणून साठा कमी, साठा कमी म्हणून रुग्ण थेट बार्शीला, आणि त्यामुळे नोंद पुन्हा कमी, असे हे चक्र फिरत राहण्याचा धोका आहे.

अमेरिकेत २०१५ च्या ऑक्टोबरपासून याच वर्गीकरणाची तेथील विस्तारित आवृत्ती लागू झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिची यथेच्छ थट्टा केली होती. बदकाने मारले तर एक संकेत, कासव चावले तर दुसरा, टर्की पक्ष्याने चोच मारली तर तिसरा! हसू येणे स्वाभाविक आहे. पण त्याच यादीत विषारी सापांचे भाग पाहावेत. रॅटलस्नेक, कोरल सर्प, ऑस्ट्रेलियाकडील तायपान व नाग यांना स्वतंत्र जागा आहे. आपल्या मण्यार, घोणस व फुरसे यांची बोळवण ‘इतर आफ्रिकी व आशियाई सर्प’ या एका ओळीत झाली आहे. ज्या तिघांनी आपल्याकडे हजारो घरे उद्ध्वस्त केली ते ‘इतर’! यात कोणाचा दुष्टावा नाही. यादी करणारा आपल्या अंगणात जे दिसते त्याला नाव देतो. म्हणूनच आपल्या अंगणाची यादी आपण केली पाहिजे. २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत मूळ संकेताला विस्तार-संकेत जोडण्याची सोय आहे ; तिचा उपयोग करून घेणे हे येथील तज्ज्ञांचे काम आहे.

या सर्वांत सामान्य कुटुंबाचे काय अडले आहे? पुष्कळ अडले आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, विंचूदंश, जनावरांचा हल्ला व रेबीज यांनी झालेला मृत्यू अंतर्भूत असून वारसांना २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो आणि त्याला मृत्यूचे कारण सांगणारा वैद्यकीय कागद जोडावा लागतो. त्या कागदावर ‘हृदयक्रिया बंद’ असेल तर विधवा स्त्रीने कोणाच्या दारी जावे? उलट वाघ, बिबट्या, रानडुक्कर, लांडगा अशा ठरावीक वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वन विभागाकडून मिळणारी मदत २०२३ पासून २५ लाखांची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आला, तेव्हा भूम, वाशी, बार्शी या सर्व पट्ट्यात महिनोन्महिने त्याचीच चर्चा होती. वाघाची वार्ता होते, त्याची छायाचित्रे निघतात, पंचनामे चोख होतात. साप मात्र गवतात शिरून नाहीसा होतो, आणि पुरावा मागितला जातो तो घरच्यांकडे.

गुरांमुळे होणाऱ्या इजांविषयी तर बोललेही जात नाही. धार काढताना म्हशीची लाथ, बैलाचे शिंग, गाडीखाली सापडलेला पाय या गोष्टी ‘पडल्याने मार’ म्हणून जातात. वर्गीकरणात बैलगाडीच्या अपघातासाठी व्ही-८० ही स्वतंत्र जागा आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. दुचाकीपुढे कुत्रे आडवे येऊन झालेला अपघात व्ही-२० मध्ये जातो, म्हणजे वाहतुकीत. कुत्र्यांमुळे होणारी हानी केवळ चाव्यांवरून मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्या बाजूला, रेबीजच्या लसीच्या चार-पाच मात्रांसाठी येणारा एकच माणूस प्रत्येक वेळी नवा रुग्ण म्हणून लिहिला गेला तर चाव्यांचा आकडा फुगतो. आकडा फुगणे आणि आटणे हे दोन्ही दोष एकाच नोंदवहीत नांदू शकतात.

ग्रामीण भागात अचूक मोजणी अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला भूमकडेच बोट दाखविता येते. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली. खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येतोच असे नाही, हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले, लोकांशी बोलू लागले, लक्षणे समजावून संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणू लागले. निदान झालेल्या प्रत्येक कर्करोगाला आंतरराष्ट्रीय संकेत दिला गेला. म्हणजे ज्या भूम तालुक्यातील सर्पदंश कागदावर सापडणे कठीण, त्याच तालुक्यातील कर्करोगाची गावनिहाय नोंद जगातील अभ्यासक वाचतात. माणसे तीच, रस्ते तेच ; फरक एवढाच की तेथे कोणीतरी ठरवून विचारावयास गेले.

नोंदीतून उपचार कसा जन्म घेतो, याचेही उदाहरण मराठवाड्याच्या सुपुत्राचे आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात महाड-बिरवाडी परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडणारे हातपाय यांची बारकाईने टिपणे ठेवली. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू अत्यल्प झाले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या टिपणांच्या जागी ‘विंचूदंश, उपचार केले’ इतकेच लिहिले गेले असते, तर औषधाचा मार्ग सापडला नसता.

येथे डॉक्टरांवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. पावसाळ्याच्या रात्री एकटा वैद्यकीय अधिकारी श्वासासाठी धडपडणाऱ्या रुग्णाजवळ उभा असतो, तेव्हा त्याने संकेतांकाचे पुस्तक उघडावे अशी अपेक्षा कोणी करू नये. ते काम रुग्ण स्थिर झाल्यावर, किंवा दुसऱ्या दिवशी, शिकविलेल्या नोंदणी सहायकाने करावयाचे आहे. डॉक्टरांनी फक्त पाच गोष्टी मराठीत लिहिल्या तरी पुरे: काय चावले वा कशाचा संशय आहे, कोठे, किती वाजता, काय करीत असताना, आणि रुग्णाचे मूळ गाव. संकेतांक त्यांवरून मागाहून देता येतो. मात्र न लिहिलेली हकीकत संकेतांकातून परत मिळविता येत नाही. केंद्राच्या पत्रान्वये खासगी दवाखान्यांकडूनही नोंद अपेक्षित आहे, आणि ती भाग्यच म्हणावी लागेल, कारण भूमसारख्या ठिकाणी रात्रीचा पहिला दरवाजा बऱ्याच वेळा खासगी डॉक्टरचाच ठोठावला जातो. ‘जनावर’ म्हणजे काय, हा प्रश्न त्या दारातच विचारला गेला पाहिजे ; सकाळपर्यंत रुग्ण बार्शीच्या वाटेला लागलेला असतो.