उपग्रहाला दोष देण्यापूर्वी

‘नेट स्लो आहे’ हे वाक्य आजकाल ‘पाऊस लागला आहे’ या वाक्याइतके सहज उच्चारले जाते, आणि त्यामागे विचारही तितकाच कमी असतो. स्लो म्हणजे नेमके काय? माल कमी येतो, की उशिरा येतो? आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तरी हा फरक समजावयास हवा. दिवसाला दहा ट्रक माल येणे ही एक गोष्ट, आणि मागणी नोंदविल्यापासून पहिला ट्रक दारात यायला किती दिवस लागतात ही दुसरी. सुरतेच्या रिंग रोडवरील कोणताही कापड-व्यापारी या दोन गोष्टींची गल्लत करणार नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण ती राजरोस करतो, आणि विकणारेही एमबीपीएसचा एकच आकडा दाखवून मोकळे होतात. पहिला ट्रक कधी येणार, म्हणजे विलंब किती, हे कोणी विचारीत नाही व कोणी सांगत नाही.

एरवी हा गोंधळ खपून गेला असता. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव अशा जिल्ह्यांतील दुर्गम भागांत उपग्रहाद्वारे इंटरनेट पोचवावे, असा त्यामागचा हेतू. नंदुरबार म्हणजे आम्हां सुरतकरांना काही परका मुलूख नव्हे. ताप्ती लाइनीच्या गाडीत बसले की काही तासांत नंदुरबार. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील कितीतरी मराठी घरांचे मूळ गाव खानदेशातच आहे. तेव्हा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील शाळेला जी छत्री मिळणार, तिच्याकडून काय अपेक्षा करावी आणि ती बिघडली तर बिघाड कोठे शोधावा, हा आमच्याही घरचाच प्रश्न होय.

प्रथम थोडे गणित. जुन्या पद्धतीचा दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रकाशाची व रेडिओलहरींची गती सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. आपला प्रश्न वर जाऊन खाली भूकेंद्रात उतरतो, त्याला जवळपास पाव सेकंद लागतो. उत्तर त्याच वाटेने परत येते, त्याला आणखी पाव सेकंद. म्हणजे अर्धा सेकंद तर निसर्गाने आधीच कापून घेतला. त्यात यंत्रांचा वेळ मिळविला की ६०० मिलिसेकंदांच्या आसपास आकडा येतो. सहाशे भरत असतील तर ती तक्रार नव्हे, ती भूमिती आहे. उलट स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. तेथे आकाशातली वर-खाली फक्त सात-आठ मिलिसेकंदांची. प्रत्यक्षात पंचवीस-पन्नास दिसतात, कारण उपग्रह नेमका डोक्यावर नसतो, रांगेत पाळी यावी लागते आणि भूकेंद्रापासून पुढचा प्रवास जमिनीवरूनच करावयाचा असतो.

विलंब हा नेहमी वाईटच असतो असेही नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविले गेले. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे विशेष जवळचे वाटेल, कारण कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे त्यात होते. त्या खेड्यांतही चित्र पाव सेकंद उशिरा येत होते. कोणाचे काय बिघडले? काहीच नाही. दूरदर्शन बोलते, आपण ऐकतो. उत्तर द्यावयाचे नसते. ज्या क्षणी उत्तराची अपेक्षा निर्माण होते, त्या क्षणी विलंबाला किंमत येते.

आणि किंमत म्हणजे रुपये-आणे-पै. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार सुरू केले ते उपग्रहाच्या आधारावर. दलालाच्या गच्चीवर व्हीसॅटची छत्री, आत संगणक, की झाला बाजार घरात! यातली न्यायाची गोष्ट माझ्या मते कोणी पुरेशी सांगितलेली नाही. छत्तीस हजार किलोमीटर वर जावयाचे असेल, तर मुंबईचा दलाल काय आणि सुरतेचा काय, दोघांचा विलंब जवळजवळ सारखाच. जमिनीवरचे अडीच-तीनशे किलोमीटर त्यात कोठल्या कोठे विरून जातात. हुतात्मा चौकाजवळ पेढी असण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा फायदा त्या छत्रीने एका फटक्यात कमी केला. पुढे बाजाराने दलालांचे संगणक स्वतःच्याच आवारात ठेवण्याची सोय केली आणि तराजू पुन्हा झुकला. त्यातूनच ‘को-लोकेशन’चे प्रकरण उद्भवले. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने बाजाराला ६२४ कोटी ८९ लाख रुपये व त्यावरील व्याज भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो वसुलीचा आदेश रद्द केला व योग्य ती दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी भरावयास सांगितले. वाद सारा कशाचा? आकडे कोणाला क्षणाच्या किती अंशाने आधी मिळाले याचा. विलंब सर्वांना सारखा असेल तर तो नुसती गैरसोय असतो. असमान झाला की तो अन्याय होतो.

आता बिघाड शोधण्याविषयी. मी ज्या पेढीत फावल्या वेळी हिशेब लिहितो, तिचे एक गोदाम नवापूरच्या पुढे डोंगराकडेला आहे. तेथे तार पोचत नाही म्हणून उंचावरच्या उपग्रहाची जोडणी घेतलेली. हिशेबाचा संगणक मुंबईत. एक चलन नोंदवायला अर्धा मिनिट लागे. शेठनी दुप्पट एमबीपीएसची योजना घेतली. पैसे दुप्पट गेले, अर्धा मिनिट तसाच राहिला. कारण उघड होते. ते सॉफ्टवेअर एका चलनासाठी चाळीसेक वेळा मुंबईला प्रश्न विचारी व प्रत्येक उत्तराची वाट पाही. चाळीस गुणिले सहाशे मिलिसेकंद म्हणजे चोवीस सेकंद. येथे रस्ता रुंद करून काय उपयोग? खेपा कमी करावयास हव्या होत्या.

हाच हिशेब खेळत्या भांडवलाच्या भाषेतही मांडता येतो. एका व्यापाऱ्याचे भांडवल एक लाख. उधारी साठ दिवसांत वसूल होत असेल तर ते वर्षातून सहा वेळा फिरते, पंधरा दिवसांत होत असेल तर चोवीस वेळा. गोदाम कितीही मोठे बांधा, वसुली येईपर्यंत नवा माल घ्यायला पैसाच नाही. इंटरनेटमध्येही पोच मिळेपर्यंत किती माल उधारीवर पाठवावयाचा याला मर्यादा असते. जुन्या पद्धतीत ती ६४ किलोबाइटची. सहाशे मिलिसेकंदांच्या वाटेवर या मर्यादेने सेकंदाला एक मेगाबिटसुद्धा पुरा जात नाही, मग योजना वीसची असो की शंभरची. नव्या यंत्रणांनी ही मर्यादा पुष्कळ वाढविली आहे, आणि उपग्रह कंपन्या मधल्या मध्ये पोच देऊन वसुली लवकर झाल्यासारखे दाखवितात. मात्र व्हीपीएन चालू केले की पाकीट बंद होते, कंपनीच्या यंत्राला आत पाहता येत नाही, आणि ती युक्ती निकामी ठरते. ‘व्हीपीएन लावले की नेट मरते’ या कोड्याचे उत्तर बहुधा हेच असते.

गोदामातले दुसरे कोडे संध्याकाळचे. सात वाजता सहाशेचे तीन हजार होत. उपग्रह सातला दूर जातो की काय? नव्हे, सातला कॅमेऱ्यांचे चित्रण वर चढू लागे आणि छत्रीच्या तोंडाशी रांग लागे. कॅमेरे बंद केले की आकडा पुन्हा सहाशे. भूमिती बदलत नसते, रांग बदलत असते. म्हणून शांत वेळी एकदा व गर्दीत एकदा, असे दोनदा मोजल्याशिवाय कोणावरही आरोप करू नये.

ट्रेसरूट नावाची आज्ञा आपली पाकिटे कोणकोणत्या यंत्रांतून गेली त्याची यादी देते. ती वाचणे म्हणजे सरकारी कचेरीतून फाइलीचा माग काढण्यासारखे आहे. मधले एखादे यंत्र उशिरा उत्तर देते, एखादे देतच नाही, नुसत्या चांदण्या उमटतात. लोक लगेच म्हणतात, ‘सापडला चोर!’ पण त्याच्या पुढचे यंत्र वेळेवर उत्तर देत असेल तर तो चोर नव्हे. तो असा कारकून आहे, जो फाइल झटपट पुढे सरकवितो पण चौकशीला मात्र सवडीने उत्तर देतो. पहिल्या-दुसऱ्या ओळीत एकदम पाचशे-सहाशेची उडी दिसली तर ती आकाशाची उडी. स्वतः उपग्रहाचे नाव यादीत बहुधा नसतेच. शिवाय यादी जाण्याची वाट दाखविते, परतीची दाखवीत नाही, आणि या दोन वाटा वेगळ्या असू शकतात. आमच्या गोदामाचा पत्ता संगणकावर उत्तरेतील एका शहराचा दिसे. हॅक झाले म्हणून दोन दिवस घबराट! प्रत्यक्षात कंपनीचे भूकेंद्र तेथे होते. नवापूरहून मुंबईला जाणारे पाकीट आधी तिकडे उतरून मग दक्षिणेला येई.

भूकेंद्र कोठे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. भारतातील ग्राहकांची वाहतूक भारतातील भूकेंद्रातूनच जावी अशी अट आपल्या सरकारने घातली आहे, ते योग्यच. पण सातपुड्यातील शाळेची वाट मुंबईत उतरणार की आणखी कोठे, यावर तिचा विलंब ठरणार. खालच्या कक्षेतले उपग्रह तर सतत बदलतात. स्टारलिंकमध्ये दर पंधरा सेकंदांनी फेरवाटणी होते व आकडा उड्या मारतो. दुपारी एकदा मोजून ‘ओके’ लिहिणाऱ्या निरीक्षकाच्या वहीला तेथे काडीची किंमत नाही.

आणि सागाचे काय? साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. एप्रिलमध्ये मोकळे आकाश पाहून बसविलेल्या छत्रीपुढे जुलैत हिरवा पडदा उभा राहील. सगळे पावसाला दोष देतील. पावसाने सिग्नल खरोखरच क्षीण होतो, पण तो सरीबरोबर येतो आणि सरीबरोबर जातो. उघडीप असतानाही जोडणी सारखी तुटत असेल, तर कोयती घेऊन झाडाकडे पाहावे.

काही प्राध्यापक म्हणतात, जेथे काहीच नाही तेथे अर्ध्या सेकंदाची चिकित्सा कशाला? चित्रफीत पाहण्यापुरते हे मान्य. पण रेशन दुकानातील यंत्र अंगठा घेऊन उत्तराची वाट पाहते, आरोग्य केंद्रातील परिचारिका जिल्ह्याच्या डॉक्टरांशी बोलते. हे ‘साइट’सारखे एकतर्फी प्रक्षेपण नव्हे. माझे म्हणणे इतकेच की इरादापत्राचा करार होईल तेव्हा त्यात एमबीपीएसबरोबर विलंबाचा आकडा असावा, तो शांत वेळेचा व गर्दीच्या वेळेचा असा वेगवेगळा असावा आणि भूकेंद्राचे गाव लिहिलेले असावे. मोजण्याचे काम कंपनीकडे न ठेवता ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाला शिकवावे. वायफाय सोडून तारेने जोडायचे. आधी स्वतःच्या डब्यापर्यंत, मग भूकेंद्रापर्यंत, मग हव्या त्या संगणकापर्यंत पिंग पाच-दहा मिनिटे चालवायचे आणि तिन्ही आकडे वेळ घालून वहीत लिहायचे. ज्याला रोजकीर्द लिहिता येते त्याला हे एका दुपारी येईल, आणि मग तक्रार केंद्राने ‘बंद करून चालू करा’ असे सांगितले तर त्याच्यापुढे ती वही ठेवता येईल.