तिघींपैकी खरी कोण?



मागच्या महिन्यात भोरला एका घरी दुआ झाल्यावर चहा चालू होता. एक तरुण बाई हळूच माझ्याशेजारी येऊन बसली. वेल्ह्याकडच्या एका गावातली. नवरा टेम्पो चालवतो, ती घरी शिलाई करते. वर्षापूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ गेला. तेव्हापासून झोप नाही, छाती धडधडते, मशीनला हात लावावासा वाटत नाही. डोक्यात एकच वाक्य फिरतं: "त्या दिवशी मी पाण्याचा हंडा उचलला नसता, तर बाळ राहिलं असतं."

घरच्यांनी आधी दम करून आणलं, मग डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, समुपदेशन घ्या. तिथून तिची खरी पंचाईत सुरू झाली. "आपा, पुण्यात पहिल्या बाईंनी माझं लहानपणच विचारलं. त्यांची बदली झाली. दुसऱ्या बाईंनी वही दिली, मनात येईल ते लिहून आण म्हणाल्या. मग कोंढव्याच्या बहिणीने तिसरीकडे नेलं, तर त्या नुसत्या ऐकत बसल्या. यातली खरी कोण? का तिघीही वेळच घालवतात?"

एका फेरीत एसटीचं भाडं जातं आणि दिवसाची शिलाई बुडते. तिने जाणं बंद करून टाकलं होतं.

खरं सांगायचं तर तिघीही आपापलं काम नीटच करत होत्या. पण समुपदेशनाच्या वाटा एकाहून जास्त आहेत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज तिचं ते एकच वाक्य घेऊन प्रत्येक वाटेने थोडं चालून बघू.

पहिल्या बाईंची वाट जुनी, शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांच्यापासून निघालेली. ही वाट विचारते, हे वाक्य तुलाच इतकं का बोचतं? लहानपणी घरात काही बिघडलं की बोट तुझ्याकडेच दाखवलं जायचं का? आजच्या दुःखाखाली जुनं दुःख दबलेलं असेल तर ते इथे वर येतं. मात्र या वाटेला बहुधा वेळ आणि फेऱ्या जास्त लागतात.

दुसरी वाट वहीची. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास आणि फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात ती घडवली. यांचं म्हणणं असं, की प्रसंग जितका छळतो त्याहून जास्त त्याबद्दलचा आपला विचार छळतो. म्हणून विचार कागदावर उतरवायचा आणि तपासायचा. हंड्यामुळेच गर्भ गेला, याला पुरावा काय? सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपाताचं मोठं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो, रोजचं घरकाम नव्हे. हेच जावेच्या बाबतीत घडलं असतं, तर तिला दोष दिला असतास का? महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिसांची ही पद्धत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून मराठीत आणली आणि ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत पोहोचवली.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी 934 मध्ये वारले. शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. अडीअडचणीसाठी आपण घरात औषध ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला होता.

तिसऱ्या बाई नुसत्या ऐकत बसल्या, ही तिची तक्रार. पण ते ऐकणं हेच काम होतं. अमेरिकेचे कार्ल रॉजर्स यांनी ही रीत रुजवली. सल्ला द्यायचा नाही, निवाडा करायचा नाही, समोरच्याला पूर्ण बोलू द्यायचं. आपल्या घरांत काय होतं? बाई रडायला लागली की दोन मिनिटांत "सब्र कर, अल्लाहची मर्जी" म्हणून तिचं तोंड बंद होतं. हजरत याकूब (अलै.) यांची मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गेली. त्यांच्या सब्रमध्ये काही कमी होतं, असं कोणी म्हणेल का?

चौथी वाट तिला कोणी दाखवलीच नव्हती, आणि ती आपल्या शेजारच्या गोव्यातली आहे. तिथल्या 'संगाथ' संस्थेने उदास रुग्णांसाठी एक साधी पद्धत तयार केली. मन होईल तेव्हा उठू म्हणून वाट बघायची नाही. आधी थोडं उठायचं, मन मागून येतं. आज मशीनवर फक्त दहा मिनिटं, उद्या शेजारणीकडे एक फेरी. हे शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, तेही प्राथमिक आरोग्य केंद्रांत. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा या भेटी घेतलेल्यांपैकी 64 टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, न घेतलेल्यांपैकी 39 टक्के लोकांचं.

मग कोणती वाट धरावी? साध्या नैराश्यात या वाटांच्या परिणामांत फार मोठा फरक दिसत नाही. समोरच्या बाईशी आपलं मन जुळतं का आणि आपण मधेच सोडून न देता जातो का, यावर बरंच काही ठरतं. पण सगळीकडे असं नाही. वुजूचा वसवसा घ्या. एखादी सून नळाखाली पंधरा-पंधरा वेळा हात धुते, तरी पाक झाल्यासारखं वाटत नाही. हा ईमानचा दोष नाही, आजार आहे. इथे नुसतं ऐकून किंवा लहानपण उकरून भागत नाही. पुन्हा न धुता ती घालमेल थोडी थोडी सहन करायला शिकवणारा वर्तनोपचार लागतो. वुजू किती वेळा पुरे, हे इमाम साहेबांनी स्पष्ट सांगितलं तर उपचाराला मोठी मदत होते.

आणि जिथे कानात आवाज येतात, खाणंपिणं सुटतं किंवा जीव द्यायचे विचार येतात, तिथे आधी मानसोपचार तज्ज्ञ डॉक्टर गाठायचे. औषध लागलं तर घ्यायचं. दुआ सोडायला कोणीच सांगत नाही. पण दुआ चालू आहे म्हणून गोळी बंद करू नका.

पुण्याची फेरी झेपत नसेल तर भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर कधी येतात, ते विचारा. 14416 हा 'टेलिमानस'चा सरकारी नंबर आहे. फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं.

पहिल्या भेटीत तीन प्रश्न बिनधास्त विचारा. तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? साधारण किती भेटी लागतील? फरक पडला नाही तर पुढे काय करायचं? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही.

त्या बाईला मी एवढंच विचारलं, "तिघींपैकी कोणाकडून निघताना तुला थोडं हलकं वाटलं?" ती लगेच म्हणाली, "वहीवाल्या." मग त्यांच्याकडेच जा, म्हटलं. दोन भेटींमधलं एखादं बोलणं फोनवर होईल का, तेही विचार.

परवा तिचा फोन आला. झोप अजून पुरी नाही. हंड्याचं वाक्य अजून येतं, पण आता ती त्याच्याखाली उत्तर लिहिते. पुढच्या भेटीला सासूबाईही सोबत जाणार आहेत. त्यांनी स्वतःहून म्हटलं, "मलाही ऐकायचंय, चुकलं कुठे ते." मला वाटतं, पाचवी वाट त्या घरात आपोआप उघडली आहे.