टिक कुणी केली?

रविवारी सकाळी विचुंब्याच्या घरी आईने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "पुण्याचं तिकीट काढलं गं. पण हे एकोणपन्नास रुपये जास्तीचे कसले?" बघते तर प्रवास विमा. चौकोनात टिक आधीपासूनच! "मी नाही गं केली," आई अपराध्यासारखी म्हणाली.

आता तिला काय सांगणार, मंडळी? रोज पनवेलहून लोकल पकडून मी जिथे जाते, तिथे असलेच चौकोन काढते. वेब अ‍ॅप्लिकेशनचं डिझाइन म्हणतात त्याला.

आमच्या धंद्यातला फंडा स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांनी २००९ मध्ये मांडला. इच्छा, सोपेपणा आणि आठवण, तिन्ही एकाच क्षणी जमले की माणूस ती गोष्ट करतो. आईचंच बघा ना. बीपीची गोळी विसरायची, म्हणून तिने पाकीट चहाच्या डब्यावर ठेवलं. सकाळी चहा टाकताना गोळी आपोआप हातात येते. फॉगबिग काही न वाचता सॉलिड डिझाइन! फरक एवढाच, की गोळी घ्यायची इच्छा तिची स्वतःची होती. विम्याच्या टिकेत इच्छा कुठेच नाही. नुसता सोपेपणा, तोही विकणाऱ्याच्या सोयीचा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा 'डार्क पॅटर्न'चे तब्बल १३ प्रकार यादीत टाकले. न विचारता बिलात काही घुसवणं म्हणजे 'बास्केट स्नीकिंग'. अगदी देणगीसुद्धा. विमा नको म्हणणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' असं कबूल करायला लावणं, हेही त्यात उदाहरणासकट आहे. (हे वाक्य सुचलेल्या डिझायनरला कधीतरी भेटायचंय.)

आणि आमच्या नव्या पेमेंट पेजवर? दहा रुपये देणगी, टिक केलेली. चौकोन माझ्याच हातचा.

सोमवारी मीटिंगमध्ये म्हटलं, "सर, ही टिक काढू या."

"आकडे पडतील."

"पडतील."

सर थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे, काढ. पण लोकांना स्वतःहून टिक करावीशी वाटेल असं काहीतरी लिही."

तेव्हापासून तेच लिहितेय. दहा रुपये कुणाला जातात, त्यातून काय होतं, एका ओळीत. पाच ड्राफ्ट झाले. चौकोन भरून टाकणं फारच सोपं होतं हो!