गुण कोणाच्या नावावर?

२०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात, ४ आणि ५ तारखेला, मुंबईत वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे दोन अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल संघ एकमेकांशी खेळले. एन.बी.ए. या अमेरिकेतील साखळीचे संघ भारतात येऊन खेळण्याची ही पहिलीच वेळ. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. सुमारे तीन हजार मुलेमुली तो पाहायला हजर होती. ठरलेल्या वेळेत बरोबरी झाली, जादा वेळ द्यावा लागला आणि पेसर्स १३२-१३१ असे अवघ्या एका गुणाने जिंकले. दुसऱ्या दिवशी तेच संघ, तेच मैदान. निकाल मात्र १३०-१०६. चोवीस गुणांचा फरक!

विद्यार्थी मित्रहो, पेसर्सचा संघ किंग्जपेक्षा कितीने सरस म्हणायचा? सरासरी काढायला शिकलेला कोणीही चटकन म्हणेल, १ आणि २४ यांची बेरीज भागिले २, म्हणजे साडेबारा गुणांनी. आकडेमोड बिनचूक आहे, पण तिच्यातून फारसे काही कळत नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दोन दिवस उभे राहून एखाद्याने पाहिले की एका होडीतून पहिल्या दिवशी एक पाटी पापलेट उतरले आणि दुसऱ्या दिवशी चोवीस पाट्या. आणि त्यावरून त्याने जाहीर केले की या होडीला रोज साडेबारा पाट्या मिळतात, तर नाखवा त्याला हसेल. भरती-ओहोटी, वारा, हंगाम, जाळे या सगळ्यांचा हिशेब दोन दिवसांत होत नाही. शिवाय वरळीचे सामने हंगाम सुरू होण्यापूर्वीचे, सरावाचे होते.

नमुना लहान असला की आकडे कसे चकवतात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेतील हर्शी या गावी विल्ट चेंबरलेन या उंच्यापुऱ्या खेळाडूने एकट्याने १०० गुण मिळवले. त्याच्या संघाने सामना १६९-१४७ असा जिंकला. शंभर हा आकडा सर्वांना पाठ असतो; तो कसा जमला हे थोडेच पाहतात. खेळ चालू असताना त्याने ६३ वेळा चेंडू टोपलीकडे फेकला, त्यांपैकी ३६ यशस्वी. त्यांचे गुण ७२. प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या मुक्त फेकी ३२, त्यांपैकी २८ यशस्वी. त्यांचा प्रत्येकी एक गुण. ७२ आणि २८ मिळून १००. आता गंमत पाहा. मुक्त फेकीत चेंबरलेन कच्चा म्हणूनच ओळखला जाई. साऱ्या कारकिर्दीत त्याच्या शंभरातल्या जेमतेम एक्कावन्न मुक्त फेकी साधल्या. त्या हिशेबाने ३२ पैकी सोळा-सतरा साधायच्या. त्या रात्री साधल्या अठ्ठावीस! त्या एकाच रात्रीचा तक्ता एखाद्याच्या हाती पडला असता तर त्याने या गृहस्थाला मुक्त फेकीचा उस्ताद ठरवले असते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, ‘किती मिळाले’ या रकान्याशेजारी ‘कितीतून मिळाले’ हा रकाना असलाच पाहिजे. एका होडीने पाच दिवस समुद्रात राहून, डिझेल आणि बर्फ खर्चून वीस पाट्या आणल्या आणि दुसरीने दोन दिवसांत बारा आणल्या, तर किनाऱ्यावर कोणीही पहिलीला सरस म्हणणार नाही. खेळाच्या मैदानावर मात्र आपण नेमके तेच करतो. तिथेही नुसती टक्केवारी पुरत नाही. दहापैकी पाच साध्या फेकी साधणाऱ्याला १० गुण मिळतात. लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, दहापैकी चारच साधणाऱ्याला १२. टक्केवारीत पहिला पुढे, उपयोगात दुसरा.

दुसरे म्हणणे अधिक महत्त्वाचे आहे. जे मोजले जात नाही ते कालांतराने ‘घडलेच नाही’ असे होऊन बसते. चेंबरलेनचा समकालीन बिल रसेल तेरा हंगाम खेळला आणि त्यांपैकी अकरा हंगामांत त्याचा बॉस्टनचा संघ अजिंक्य ठरला. चेंबरलेनच्या वाट्याला अशी विजेतेपदे दोनच आली. गुणांचा तक्ता उघडावा तर चेंबरलेनची सरासरी सामन्यागणिक तीस गुणांची, रसेलची केवळ पंधरा. रसेलचे खरे काम प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतल्या हवेत अडवण्याचे होते. त्याने अशा किती फेकी अडवल्या? अधिकृत नोंदच नाही. अडवलेल्या फेकी आणि हिसकावून घेतलेले चेंडू यांची नोंद एन.बी.ए.ने १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली, आणि रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. आकडे खोटे बोलले नाहीत. त्यांना विचारलेच नव्हते.

आता हा प्रश्न तुमच्या शाळेत आणा. तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा असतो, आणि ‘सर्वांत जास्त गुण कोणाचे?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. शिक्षकांनाही दोष देता येत नाही. त्यांच्यापाशी दुसरा आकडाच नसतो. मग योग्य वेळी चेंडू पुढे देणारी मुलगी, किंवा समोरच्या हुकमी गड्याला अर्धा तास जखडून ठेवणारा मुलगा, बाहेर राहतो. मला वाटते, प्रत्येक माध्यमिक शाळेने खेळाच्या तासाला एक साधी वही ठेवावी आणि खेळत नसलेल्या विद्यार्थ्यांनी ती आळीपाळीने भरावी. प्रयत्न, यश, सोबत्याला दिलेली मदत, प्रतिस्पर्ध्याचे फसवलेले प्रयत्न, एवढे रकाने पुरेत. यांतला ‘प्रयत्न’ हा रकाना नीट पाहा. एखाद्याच्या नावापुढे सामन्यामागून सामन्यात शून्य प्रयत्न दिसले, तर त्याला खेळता येत नाही असे समजू नका. त्याला कोणी चेंडूच देत नाही असाही अर्थ निघतो. लांबच्या पाड्यावरून येणाऱ्या, वर्गात नवीन असलेल्या मुलांच्या बाबतीत तो बहुधा खरा निघेल.

ही वही गुणपत्रिकेसारखी भिंतीवर लावण्याला मात्र माझा विरोध आहे. क्रमांक लागले की मुले संघासाठी खेळण्याऐवजी रकान्यासाठी खेळू लागतात.

व्यावसायिक संघ आणखी एक आकडा ठेवतात. एखादा खेळाडू मैदानावर असताना आपल्या संघाने किती गुण मिळवले आणि किती दिले, यांची वजाबाकी. त्याचा पडताळा फार सोपा आहे. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू असतात, म्हणून संघातील सर्वांच्या या आकड्यांची बेरीज विजयाच्या फरकाच्या पाचपट यायलाच हवी: वरळीच्या पहिल्या सामन्यात पेसर्सची ५, दुसऱ्यात १२०. बेरीज जुळली नाही तर नोंद घेणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे होते असे खुशाल समजावे.

अर्नाळ्याच्या वाळूत बास्केटबॉल उसळत नाही, हे खरे. मग कबड्डीपासून सुरुवात करा. चढाया किती, त्यांतल्या यशस्वी किती, पकडी किती, हे लिहायला एक वही आणि एक पेन्सिल पुरते. फक्त साखळी करून तिघांनी मिळून धरलेल्या गड्याचा गुण कोणाच्या नावावर मांडायचा, ते सामना सुरू होण्याआधी ठरवून घ्या. सामना संपल्यावर ठरवायला बसलात तर वही बाजूला राहील आणि भांडणच जुंपेल.